फ्रान्सचा सायकलवाला आणि एका आईचं पत्र



गेल्या पंधरवड्याच्या टपालातली बहुतेक पत्रं नेहमीसारखीच होती. साबुदाण्याच्या पापड्या का चिरतात, पांढऱ्या शर्टावरचे हळदीचे डाग कसे काढायचे, जाऊबाई परस्पर सासूबाईंचे कान भरतात त्याला काय करावं. त्या सगळ्यांना उत्तरं देणार आहे, काळजी नसावी. पण एका पत्रानं मला अडवून ठेवलं. पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलंय. लिहिणाऱ्या बाईंचं नाव-गाव मी सांगणार नाही. पत्रातला थोडा भाग मात्र त्यांच्याच शब्दांत देते.

‘ताई, माझा मोठा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. दहावीला पेढे वाटले होते. डॉक्टर व्हायचं म्हणून आम्ही कर्ज काढून क्लास लावला. पहिल्या वर्षी मार्क कमी पडले. यंदा परीक्षेच्या केंद्रापर्यंत गेला, फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिला आणि आत न जाता घरी आला. तेव्हापासून हे त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत. तो खोलीत मोबाइल घेऊन पडून असतो. मला वाटलं, काही भलतंसलतं बघतो. एका रात्री हळूच मागे जाऊन उभी राहिले. तर मोबाइलवर एक गोरा सायकलवाला ढसाढसा रडत होता, दुसरा त्याच्या खांद्यावर हात टाकून सायकल चालवत होता, आणि ते बघून माझा मुलगा रडत होता. फ्रान्सचा कोणी पिनो म्हणून आहे म्हणे. तो तर आता शर्यती खेळतसुद्धा नाही. ताई, असल्या हरलेल्या माणसाच्या नादी लागून पोरगं आणखी बिघडेल का? मोबाइल काढून घेऊ का?’

खरं सांगते, हा पिनो कोण ते मलाही ठाऊक नव्हतं. सायकलशी माझा संबंध पुण्यात शाळेला जाण्यापुरता. पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळातला. पण माझा एक भाचा आहे, रविवारी पहाटे उठून सिंहगडच्या पायथ्याशी सायकल हाणत जाणारा. त्याला पोह्यांचं आमिष दाखवून बोलावलं. तो दोन रविवार माझ्याशेजारी बसला, मला सगळं उलगडून सांगितलं, मोबाइलवर दाखवलं. त्यातलं मला जे कळलं, ते आज तुम्हा सगळ्यांनाच सांगते. कारण असा मुलगा एकाच घरात आहे, असं मला मुळीच वाटत नाही.

आधी शर्यत समजून घेऊ. फ्रान्समध्ये दर जुलैत एक सायकल शर्यत होते, टूर द फ्रान्स. १९०३ साली सुरू झाली, महायुद्धांची वर्षं सोडली तर दरवर्षी झाली. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सगळं मिळून चौतीसशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावं आणि तरी पाचशे-सहाशे किलोमीटर उरावेत, एवढं अंतर. त्यात आल्प्स आणि पिरेनीजचे घाट. आपला खंबाटकी त्यांच्यापुढे म्हणजे दारातला उतार! हिशेब मात्र दुधाच्या वहीसारखा. रोज ज्याला जेवढा वेळ लागला तो मांडायचा, एकवीस दिवसांची बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो जिंकला. आज बेरजेत जो पुढे आहे त्यानं पिवळा शर्ट घालायचा. ही पिवळ्या शर्टाची चाल १९१९पासूनची.

आणखी एक गोष्ट भाच्यानं सांगितली ती मला फार आवडली. या शर्यतीत एकटा माणूस जिंकूच शकत नाही. वाऱ्याला तोंड देत पुढे चालवणाऱ्याची दमछाक होते, त्याच्या आडोशाला मागून येणाऱ्याचे कष्ट पुष्कळ वाचतात. म्हणून प्रत्येक संघात एक म्होरक्या आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा खाणारे. म्होरक्याला तहान लागली की मागे गाडीपर्यंत जायचं, पाण्याच्या बाटल्या शर्टात कोंबून आणायच्या, त्याचं चाक बिघडलं तर आपलं काढून द्यायचं. आणि या लोकांना फ्रेंचमध्ये म्हणतात काय? ‘दोमेस्तिक’. म्हणजे घरगडी! मी म्हटलं, अरे, हे काम मी जन्मभर केलं, मला कुणी शर्ट दिला नाही. भाचा हसला. पण तुम्ही हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तो तिबो पिनो. २९ मे १९९०चा जन्म. फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार लांब नाही अशा भागात मेलिझे नावाचं छोटं गाव आहे. भोवती जंगल आणि तळीच तळी. वडील त्या गावचे महापौर. आपल्या भाषेत सरपंचच म्हणा. थोरला भाऊ सायकलिंगचा प्रशिक्षक, तोच याला शिकवणारा. हा मुलगा २०१० साली एका फ्रेंच संघात दाखल झाला आणि चौदा हंगाम त्याच संघात राहिला. या खेळात असं सहसा होत नाही. पैसा जिथे जास्त तिथे माणसं जातात.

२०१२ साली तो पहिल्यांदा टूरला उतरला. बावीस वर्षांचा, त्या वर्षीच्या शर्यतीतला सर्वांत लहान. आठव्या दिवशी एकटाच पुढे निघाला. मागून संघाच्या गाडीतून त्याचे व्यवस्थापक मार्क मादियो खिडकीबाहेर अर्धे लोंबकळत, गाडीचं दार बडवत ओरडत होते. ते चित्रीकरण मी पाहिलं. अगदी आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात पडद्यामागून आई हातवारे करत असते ना, तस्सं! पोरानं तो टप्पा जिंकला आणि शेवटी एकूण दहावा आला. झालं, फ्रान्सला वाटलं, सापडला आपला राजा.

कारण फ्रान्सचं दुखणं जुनं आहे. शर्यत त्यांची, रस्ते त्यांचे, पण १९८५ साली बर्नार इनो जिंकला त्यानंतर २०२५पर्यंत एकाही फ्रेंच पुरुषाला ती जिंकता आलेली नाही. चाळीस वर्षं! दर जुलैत अख्खा देश एखाद्या पोराकडे आशेनं बघतो. घराण्यातला पहिला डॉक्टर होणार म्हणून सगळी भावकी एका मुलाकडे डोळे लावून बसते, त्यातलाच प्रकार. (बायकांचं मात्र वेगळं, बरं का! बायकांची टूर २०२२पासून नव्यानं सुरू झाली आणि २०२५ साली पोलिन फेराँ-प्रेव्हो या फ्रेंच बाईनं ती जिंकून दाखवली. त्याआधी जानी लोंगो १९८९ साली जिंकली होती. हे वाचून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!)

तर पुढच्याच वर्षी, २०१३ साली, या पिनोला घाट उतरताना भीती वाटू लागली. चढताना नव्हे, उतरताना. ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगानं खाली जायचं आणि हाताशी दोन बोटांएवढा ब्रेक. भीती वाटणारच! पण हा खेळ असा, की भीती वाटली तरी बोलायची नाही. यानं सरळ सांगून टाकलं की मला भीती वाटते. ती शर्यत त्याला अर्धवट सोडावी लागली. वर्तमानपत्रांनी जे म्हणायचं ते म्हटलं. मग वेगाची सवय व्हावी म्हणून त्यानं मोटार शर्यतीच्या रस्त्यावर गाडी चालवायचे धडे घेतले आणि २०१४ साली टूरमध्ये तिसरा आला. १९९७नंतर पहिल्यांदाच फ्रेंच माणसं पॅरिसच्या त्या तीन पायऱ्यांवर उभी राहिली, हा आणि त्याच्या एक पायरी वर दुसरा फ्रेंच, पेरो.

बाई, तुमच्या मुलाला ‘हरलेल्या माणसाचा नाद’ लागलाय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हे मुद्दाम सांगते. हा हरलेला माणूस नाही. टूरचे तीन टप्पे, २०१२, २०१५ आणि २०१९ साली. २०१८ साली इटलीतली लोंबार्दियाची नामांकित शर्यत. असं पुष्कळ आहे. पण लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते त्याच्या बक्षिसांमुळे नाही, हेही तितकंच खरं. गंमत म्हणजे त्याच्या हातावर इटालियन भाषेत गोंदवलेलं आहे, ‘फक्त विजयच सुंदर’. आणि लोक मात्र त्याच्यावर भाळले ते भलत्याच कारणांनी.

२०१८चं इटलीतलं पाहा. तिथेही तीन आठवड्यांची शर्यत असते, जिरो. त्याला घरच्या टूरपेक्षा ती जास्त प्रिय. तिथे डोक्यावर देशाचं ओझं नसे. शेवटचे दोन दिवस उरले, हा तिसरा होता. त्या दिवशी अंगात ताप भरला. सायकलवर सरळ बसता येईना, सोबती त्याला हात देत, सावरत नेत होते. पाऊण तास मागे राहून कसाबसा टप्पा पूर्ण केला आणि तिथून रुग्णवाहिकेतून थेट इस्पितळात. न्यूमोनिया निघाला. दुसऱ्या दिवशीचा टप्पा म्हणजे शहरातली मिरवणूकच, पण तीही त्याला करता आली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात लोंबार्दिया जिंकला, ते या दुखण्यातून उठून.

आणि मग २०१९. तुमच्या मुलाच्या मोबाइलवरचं ते दृश्य त्या वर्षीचं.

त्या जुलैत पिनो असा चालत होता की जाणकारसुद्धा म्हणू लागले, यंदा हाच. एका सपाट टप्प्यावर बाजूनं वारा सुटला, ओळ तुटली, आणि त्याचे एक मिनिट चाळीस सेकंद गेले. तोंड पाडून न बसता पाचव्या दिवशी, २० जुलैला, तूर्मलेचा प्रचंड घाट त्यानं सगळ्यांच्या पुढे चढून दाखवला. वर खुद्द राष्ट्राध्यक्ष हजर होते. दुसऱ्या दिवशीही घाटात त्याला कुणी धरू शकलं नाही, एक गडी आधीच पुढे निसटलेला होता म्हणून दुसरा आला, एवढंच. पॅरिसला आठवडा उरला होता.

पुढच्या बुधवारी, म्हणजे २४ तारखेला, समोर कुणी पडलं, त्याला चुकवताना याचा गुडघा स्वतःच्याच हँडलवर आपटला. डाव्या मांडीचा स्नायू फाटला. त्यानं बाहेर कुणाला कळू दिलं नाही. पट्टी बांधून गुरुवारी तीन डोंगर चढला. शुक्रवारी, २६ जुलैला, टप्पा सुरू झाला आणि पाय फिरेना. चाळीसेक किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. तो मागे मागे पडत गेला, सायकल चालवता चालवता रडू लागला, लहान मुलासारखा. शेजारी विल्यम बोने होता, संघातला वयानं मोठा गडी. त्यानं त्याच्या खांद्यावर हात टाकला. हा बोने म्हणजे तोच, वारा खाणारा, पाणी आणणारा, दोमेस्तिक. २०१५च्या टूरमध्ये त्याची स्वतःची मान मोडली होती, त्यातून उठून परत आलेला. त्यालाच ठाऊक असणार अशा वेळी काय बोलायचं ते. किंवा बोलायचं नसतं ते. थोड्या वेळानं पिनो सायकलवरून उतरला आणि गाडीत बसला. संपलं.

मी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी भाचा म्हणाला, मावशी, पोहे गार झाले.

आता इथे थांबून एक प्रश्न विचारते. त्या बोनेनं काय केलं? ‘एवढं काय झालंय’ असं म्हटलं नाही. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढे राबलो त्याचं काय’ असंही नाही. आणि तसं म्हणायचा हक्क कुणाला असेल तर त्यालाच होता. बाई, तुमचा मुलगा रडणाऱ्या पिनोकडे बघतोय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, तो त्या खांद्यावरच्या हाताकडे बघत असेल.

पुढची कथाही काही सिनेमासारखी नाही. २०२०ची टूर आखणाऱ्यांनी शेवटून दुसरा टप्पा मुद्दाम पिनोच्या मुलखातून नेला, त्याच्या मेलिझे गावातून. कल्पना करा, पिवळा शर्ट घालून हा आपल्या दारावरून जाणार, वडील महापौर, सगळं गाव रस्त्यावर! प्रत्यक्षात काय झालं? पहिल्याच दिवशी नीसच्या पावसात तो आपटला, पाठ दुखावली, आणि तीन आठवड्यांनी गावावरून गेला तेव्हा बेरजेत कुठल्या कुठे मागे होता. गावानं रस्त्यावर त्याचं नाव रंगवलेलं होतंच, ते काही पुसलं नाही.

ती पाठ वर्ष-दीड वर्ष छळत राहिली. २०२१ साली टूरला जाता आलं नाही. २०२२च्या एप्रिलात आल्प्समधल्या एका छोट्या शर्यतीत शेवटच्या काही क्षणांत हरला आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोर रडला. ‘रडका’ म्हणणारे होतेच, त्यांना आणखी एक निमित्त मिळालं. लगेच दुसऱ्या दिवशी, २२ एप्रिलला, त्याच शर्यतीचा टप्पा त्यानं जिंकला. तूर्मलेनंतरचा पहिला विजय. भाच्यानं दिवस मोजून ठेवलेत, मीही कॅलेंडर घेऊन पडताळून पाहिले. एक हजार सात!

२०२३च्या जानेवारीत त्यानं जाहीर केलं की हे शेवटचं वर्ष. आणि मग जे झालं ते बघायला तुम्ही तुमच्या मुलाशेजारी बसाच. २२ जुलै २०२३, टूरचा शेवटून दुसरा दिवस, त्याच्याच मुलखातले डोंगर. प्ती बालोँ नावाच्या घाटातलं एक वळण त्याच्या चाहत्यांनी आधीच अडवून ठेवलेलं. ‘पिनोचं वळण’ असंच नाव दिलं. हजारो माणसं. धूर, झेंडे, गाणी, त्याचं नाव लिहिलेले शर्ट घातलेली पोरं. आषाढीला वाखरीच्या रिंगणाला गर्दी असते ना, तशी. आणि त्या वळणावर पिनो आला तो एकटा, सगळ्यांच्या पुढे. माणसं दोन्ही बाजूंनी इतकी वाकलेली की सायकलपुरती वाट उरलेली. पुढच्या चढावर त्याला गाठलं मागच्यांनी. तो सातवा आला. त्या दिवशी कोण जिंकलं, तर पोगाचार नावाचा स्लोव्हेनियाचा जगज्जेता गडी. पण त्या वळणावर उभं राहिलेल्यांना जाऊन विचारा, त्यांना तो दिवस कुणाचा म्हणून आठवतो.

ऑक्टोबरात इटलीत लोंबार्दियाला त्यानं शेवटची शर्यत केली. बेर्गामोच्या चढावर पुन्हा तीच गर्दी, फ्रान्सहून आलेली. निरोपाला. त्यानंतर तो मेलिझेला आपल्या शेतावर आहे. शेळ्या, मेंढ्या, गाढवं, गाई. खेळत होता तेव्हाही शर्यतींपेक्षा शेळ्यांचेच फोटो मोबाइलवर जास्त कौतुकानं टाकायचा, आणि जगभरची माणसं त्या शेळ्यांची चौकशी करायची. शर्यत हरलेला माणूस घरी जाऊन शेळीच्या पिल्लाला बाटलीनं दूध पाजतोय, हे बघून कुणाला बरं वाटणार नाही?

तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाइलचं खूळ आहे, आजकालची पोरं कशालाही भुलतात. नाही हो. मोबाइल नव्हते तेव्हाही फ्रान्समध्ये हेच झालंय. रेमाँ पुलिदोर नावाचा सायकलवीर होता, १९३६ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला. टूरमध्ये तो तीनदा दुसरा आणि पाचदा तिसरा आला. पहिला कधीच नाही. १९६४ साली जाक आंकतील जिंकला आणि पुलिदोर हरला तो किती फरकानं? सव्वाशे तासांहून जास्त सायकल चालवल्यावर पंचावन्न सेकंदांनी. दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ. तो पिवळा शर्ट त्याच्या अंगावर एक दिवसही चढला नाही. १९७३ साली पहिल्याच दिवशी एका सेकंदापेक्षाही कमी फरकानं हुकला. आंकतीलनं ती शर्यत पाचदा जिंकली, त्याला मान होता. पण माया होती ती पुलिदोरवर. ‘पुपू’ म्हणायचे त्याला, लाडानं. म्हातारपणी तो दर जुलैत शर्यतीबरोबर फिरायचा, एका बँकेच्या वतीनं, आणि त्या बँकेनं दिलेला शर्ट असायचा पिवळा! तो हसत घालायचा.

पुलिदोर २०१९च्या नोव्हेंबरात गेला. त्याच्या मुलीचा मुलगा मात्यू व्हान डर पूल हाही सायकलवीर. २०२१ साली पहिल्यांदा टूरला आला, दुसऱ्याच दिवशी टप्पा जिंकला आणि पिवळा शर्ट अंगावर चढवला. आजोबांना जो जन्मभर मिळाला नाही तो. आकाशाकडे बोट केलं आणि रडला तो. लेकीच्या पोरानं फेड केली म्हणायची. हे वाचताना माझे डोळे भरून आले, लपवत नाही.

आता या प्रेमाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुम्हाला नुसता गोड पाक पाजला असं होईल. चाहत्यांच्या प्रेमाचंसुद्धा ओझं होतं. दर जुलैत ‘यंदा तूच’ म्हणणारे हेच लोक. माझं आपलं मत असं, की पिनोचं अर्धं दुखणं पाठीत होतं आणि अर्धं या ‘यंदा तूच’मध्ये. इटलीत तो मोकळा चालायचा तो काही उगीच नाही. तुमच्या पत्रात ‘दहावीला पेढे वाटले होते’ हे वाक्य तुम्ही अभिमानानं लिहिलंत. त्या मुलाच्या बाजूनं ते एकदा वाचून पाहा. आणि कर्जाचा उल्लेख घरात त्याच्यासमोर किती वेळा होतो तेही आठवा. कर्ज खरं आहे, ते फेडायचंच आहे, मला कळतं. पण तो हिशेब तुम्ही आणि हे, दोघांनी मिळून बसून करायचा.

तेव्हा मोबाइल काढून घेऊ नका. उलट रविवारी दुपारी जेवणं आटोपली की त्याच्या खोलीत जा, परीक्षेचं नाव काढू नका आणि म्हणा, ‘मला ते पिनोचं वळण दाखव.’ तो चमकेल. कदाचित चिडेल, तू माझ्या मागे उभी होतीस का म्हणून. खरं ते सांगा, हो, उभी होते. मग त्याला विचारा, वाऱ्याच्या आडोशाला चालवलं की श्रम कसे वाचतात. मुलांना आईला काही शिकवायला फार आवडतं, आपण ती संधी देत नाही. पहिल्या दिवशी एवढंच.

ह्यांचं काय करायचं, ते तुम्हीच जास्त जाणता. पण अबोला धरणारे वडील बहुधा रागावलेले नसतात, घाबरलेले असतात. त्यांना रात्री अंथरुणावर हे सगळं सांगत बसू नका. फक्त बोनेचं ते एका मिनिटाचं दृश्य त्यांच्या हातात द्या आणि स्वयंपाकघरात निघून या.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. मुलगा जेवत नसेल, रात्र रात्र झोपत नसेल, ‘माझा काय उपयोग’ अशा अर्थाचं काही बोलत असेल, तर माझ्या लेखावर किंवा शेजारणीच्या सल्ल्यावर विसंबू नका. त्याला एकटं सोडू नका आणि मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. सरकारचा टेलि-मानस म्हणून दूरध्वनी आहे, क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो. आधी तुम्ही स्वतः फोन करून विचारलंत तरी चालतं. यात लाजण्यासारखं काहीही नाही. न्यूमोनिया झाला तर आपण इस्पितळात नेतोच ना?

तो फाटकापाशी दहा मिनिटं उभा राहिला, असं तुम्ही लिहिलंत. ती दहा मिनिटं त्याच्या मनात काय चाललं होतं, हे घरात कुणी विचारलंय का? तुम्ही पत्रात तसं लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. रविवारचं काय झालं ते मला जरूर कळवा. पाकिटावर ‘खासगी’ लिहिलंत तर मी छापणार नाही.

आणि हो, पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही लिंबाच्या लोणच्याचंही विचारलं होतं, ते राहूनच गेलं. वर पांढरी बुरशी धरली असेल तर ती काढून खालचं लोणचं वापरायचा मोह करू नका, सगळं टाकून द्या. पुढच्या वेळी लिंबं धुतल्यावर फडक्यानं अगदी कोरडी पुसून घ्या, बरणी उन्हात दोन दिवस तापवा, आणि मिठाचा हात आखडू नका. काढायचा चमचा ओला नको.